'ओन्ली' कुठे ठेवायचा? नव्याने इंग्रजी बोलू लागलेल्या नाशिककरांसाठी

"आय ॲम फ्रॉम नाशिक ओन्ली." सातपूर-अंबडच्या कंपन्यांत इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की त्यांना त्यात काही खटकेनासं झालंय. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं, 'मी नाशिकचाच.' ऐकणाराही बहुतेक वेळा मराठीच असतो, त्यामुळे त्याला ते बरोबर पोहोचतं. पण हेच वाक्य द्राक्षं घेणाऱ्या हॉलंडच्या व्यापाऱ्यासमोर बोललात, तर तो क्षणभर थबकेल. फक्त नाशिकचा? म्हणजे आणखी कुठला असायला हवा होता?

शाळा मराठी माध्यमात झाली आणि नोकरी, धंदा किंवा हॉटेलच्या काउंटरमुळे इंग्रजी बोलायची वेळ आता आली, अशांसाठी हा लेख आहे. इंग्रजीतली क्रियाविशेषणं शेकड्यांनी आहेत. त्यातलं 'ओन्ली' मी मुद्दाम निवडलं, कारण आपल्याकडे ते खूप वापरलं जातं आणि बरेचदा चुकीच्या जागी पडतं. त्यासाठी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक लागत नाही. आपल्या मराठीतला 'च' नीट ओळखता आला की बरंचसं काम होतं.

पायरी पहिली: उच्चार आणि स्पेलिंग

उच्चार 'वन्ली' नाही, 'ओन्ली'. इंग्रज माणूस त्यातला 'ओ' जरा लांबवून 'उ'कडे झुकवतो, पण आपण साधा 'ओ' म्हटला तरी काही बिघडत नाही. स्पेलिंग ओ, एन, एल, वाय. हा शब्द 'वन' आणि 'लाइक' यांच्या जुन्या रूपांपासून बनलाय, म्हणजे मूळ अर्थ 'एकासारखा'. म्हणून काही जण 'वन'मधला शेवटचा ई इथेही घालतात. तो घालायचा नाही.

पायरी दुसरी: तुमचा 'च' कोणता, ते तपासा

खरी गोम इथे आहे. मराठीतला 'च' दोन कामं करतो. 'मला चहाच हवा' म्हटलं की कॉफी, सरबत, बाकी सगळं बाद होतं. हा वगळणारा 'च'. 'मी इथेच उभा आहे' म्हणताना मात्र आपण काहीही वगळत नसतो, नुसता 'इथे'वर जोर देत असतो. हा जोर देणारा 'च'. इंग्रजीतला 'ओन्ली' यातलं पहिलंच काम करतो. दुसऱ्या कामाला त्यांच्याकडे वेगवेगळे शब्द आहेत, आणि आपण मात्र दोन्हीकडे 'ओन्ली' लावून मोकळे होतो.

ओळखायची रीत सोपी आहे. वाक्यातला 'च' काढा आणि त्या शब्दाच्या आधी 'फक्त' ठेवून पाहा. 'मला फक्त चहा हवा' हे जमतं, अर्थही तोच राहतो. म्हणजे 'ओन्ली' चालेल: "आय वॉन्ट ओन्ली टी." आता 'मी फक्त नाशिकचा' म्हणून पाहा. कानाला विचित्र लागलं ना? मग 'ओन्ली' नको. "आय ॲम फ्रॉम नाशिक" एवढं म्हणा. जोर द्यायचाच असेल तर 'नाशिक' शब्द ठासून उच्चारा, किंवा "आय ॲम फ्रॉम नाशिक इटसेल्फ" म्हणा. हे 'इटसेल्फ'ही आपलं देशी इंग्रजी आहे, पण त्याने अर्थाचा घोटाळा होत नाही.

जोर देणारे 'च' रोजच्या बोलण्यात किती येतात ते पाहा. 'इथेच थांब' म्हणजे "वेट राइट हिअर". 'आत्ताच आलो' म्हणजे "आय हॅव जस्ट कम". 'तोच माणूस' म्हणजे "द सेम मॅन". 'मीच फोन केला होता' म्हणजे "इट वॉज मी हू कॉल्ड". 'तो येईलच' म्हणजे "ही विल डेफिनेटली कम". 'खूपच छान' म्हणजे "रिअली नाइस". 'कधीच नाही' म्हणजे "नेव्हर", आणि 'गाडी दिसताच पळालो' मधल्या 'च'ला "ॲज सून ॲज" लागतं. यांतल्या एकातही 'ओन्ली' नाही.

कधीकधी मराठी वाक्यच दोन्हीकडे झुकतं. 'ही बस शालिमारलाच थांबते.' यातून दोन अर्थ निघतात: बस शालिमारशिवाय दुसरीकडे कुठे थांबत नाही, किंवा अगदी शालिमारच्या चौकात थांबते, तुम्हाला चालावं लागणार नाही. आपल्याला सूर ऐकून कळतं. बाहेरगावच्या पाहुण्याला तुम्ही "द बस स्टॉप्स ॲट शालिमार ओन्ली" सांगितलंत, तर तो पहिलाच अर्थ घेईल आणि अलीकडच्या थांब्यावर उतरायचा विचार सोडून देईल. तुमच्या मनात दुसरा अर्थ असेल, तर "द बस स्टॉप्स राइट ॲट शालिमार" म्हणायला हवं.

'फ्रॉम नाशिक ओन्ली' हे अगदी टाकाऊ इंग्रजी आहे, असं मला वाटत नाही. हिंदीत 'ही' शब्दामागे येतो, तमिळमध्ये 'तान' मागे येतो, आपल्याकडे 'च' मागे येतो. त्यामुळे मागे लागणारा 'ओन्ली' भारतभर बोलला जातो आणि आपापसांत सगळ्यांना कळतो. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, मित्राची वाट पाहताना "आय ॲम हिअर ओन्ली" म्हटलंत तर कोणी तुमचा गुण कापणार नाही. परदेशी गिऱ्हाईक, परीक्षा आणि लेखी पत्रव्यवहार या तीन ठिकाणी मात्र तो घरी ठेवा.

पायरी तिसरी: ज्याच्याबद्दल बोलताय, त्याच्या पुढ्यात ठेवा

'च' शब्दाच्या मागे लागतो, 'ओन्ली' शब्दाच्या आधी. या एका नियमावर बहुतेक वाक्यं सुटतात. पण 'ओन्ली' सरकला की अर्थही सरकतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. म्हणून एकच वाक्य घेऊ: "माय ब्रदर सेल्स ग्रेप्स इन पिंपळगाव." माझा भाऊ पिंपळगावात द्राक्षं विकतो.

"ओन्ली माय ब्रदर सेल्स ग्रेप्स इन पिंपळगाव." भाऊच विकतो, घरातलं दुसरं कोणी त्यात नाही.

"माय ब्रदर सेल्स ओन्ली ग्रेप्स इन पिंपळगाव." तिथे तो द्राक्षंच विकतो. टोमॅटो नाही, कांदा नाही.

"माय ब्रदर सेल्स ग्रेप्स ओन्ली इन पिंपळगाव." विकतो ते पिंपळगावातच. लासलगावला नाही, नाशिकच्या मार्केट यार्डातही नाही.

"माय ब्रदर ओन्ली सेल्स ग्रेप्स." इथे दोन अर्थ उरतात. एक, तो नुसता विकतो, पिकवत नाही. दोन, तो द्राक्षांखेरीज काही विकत नाही. बोलताना जोर कुठे पडतो त्यावरून कळेल, कागदावर कळणार नाही.

तिसऱ्या वाक्यात आपल्या लोकांसाठी एक वेगळा सापळा आहे. आपल्याला 'ग्रेप्स ओन्ली' असं मागे लागलेलं ऐकायची सवय, त्यामुळे आपण ते 'द्राक्षंच' असं वाचतो, इंग्रज ते 'पिंपळगावातच' असं वाचतो. बोलण्यात हे निभावतं. व्यवहाराच्या ईमेलमध्ये पैसे अडकू शकतात. थॉमसन सीडलेस ही द्राक्षाची जात घ्या. "वी कॅन सप्लाय थॉमसन सीडलेस ओन्ली आफ्टर 20 जॅन्युअरी" असं लिहिलंत, तर समोरच्याने काय समजायचं? फक्त थॉमसन मिळेल, की थॉमसन मिळेल पण 20 जानेवारीनंतरच? पहिलं म्हणायचं असेल तर "वी कॅन सप्लाय ओन्ली थॉमसन सीडलेस, आफ्टर 20 जॅन्युअरी." दुसरं असेल तर "थॉमसन सीडलेस विल बी अव्हेलेबल ओन्ली आफ्टर 20 जॅन्युअरी." वाक्य फिरवायला अर्धा मिनिट लागतो. कंटेनरची तारीख चुकली तर काय लागतं, ते निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला मी सांगायला नको.

पायरी चौथी: क्रियापदाजवळचा 'ओन्ली'

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजी सिनेमात, मुलाखतीत तर "आय ओन्ली वॉन्ट टू मिनिट्स" ऐकू येतं. तिथे 'ओन्ली' 'टू मिनिट्स'च्या पुढ्यात नाही, क्रियापदाला लागून आहे. खरं आहे, आणि ते चूकही नाही. बोलण्यात इंग्रज 'ओन्ली' बहुतेकदा क्रियापदाशेजारीच टाकतो आणि जोर 'टू'वर देतो.

या जागेवरून इंग्रजांमध्येच जुना वाद आहे. रॉबर्ट लोथ नावाच्या धर्मगुरूने 1762 साली व्याकरण लिहिलं, त्यात त्याने "आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स" ('स्पेक' म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'स्पोक') या रचनेला हरकत घेतली. 'तीनच शब्द' म्हणायचं असेल तर "आय स्पेक ओन्ली थ्री वर्ड्स" म्हणा, असं त्याचं म्हणणं. शाळामास्तरांनी तो नियम पुढे वर्षानुवर्षं घोटवून घेतला. मग 1926 साली फाउलर नावाच्या कोशकाराने आपल्या शब्दप्रयोगांच्या कोशात उलटी बाजू घेतली: "ही ओन्ली डाइड अ वीक अगो" हे सहज इंग्रजी आहे, कोणी त्याचा भलता अर्थ काढत नाही, मग उगाच कशाला सरळ करत बसायचं? माझं मत विचाराल तर बोलताना फाउलर, लिहिताना लोथ.

क्रियापदाजवळ ठेवताना नेमकी जागा लक्षात ठेवा. साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी: "आय ओन्ली ड्रिंक बॉइल्ड वॉटर." 'इज', 'ॲम', 'आर' यांच्या मात्र नंतर: "इट इज ओन्ली टेन रुपीज." आणि 'कॅन', 'विल', 'हॅव' असं साहाय्यक क्रियापद असेल तर ते आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये: "यू कॅन ओन्ली पे इन कॅश."

पायरी पाचवी: वेळ आणि आकडे

इथे मराठी माणसाला सोपं जातं, कारण आकड्यामागचा 'च' आणि 'ओन्ली' चांगले जुळतात. 'आठच वाजलेत' म्हणजे "इट्स ओन्ली एट". सिंहस्थासाठी आलेल्या पाहुण्याला सांगायला दोन वाक्यं पाठ करून ठेवा. भारतात कुंभमेळा चारच ठिकाणी भरतो: "द कुंभ इज हेल्ड ॲट ओन्ली फोर प्लेसेस." नाशिकला तो बारा वर्षांतून एकदाच येतो: "इट कम्स टु नाशिक ओन्ली वन्स इन ट्वेल्व्ह इयर्स." 2027 च्या पर्वणीला रामकुंडावर ती कामी येतील.

'कालच भेटलो' हा 'च' वरवर जोराचा वाटतो, तरी "आय मेट हिम ओन्ली येस्टरडे" बरोबर आहे. फार दिवस झाले नाहीत, असा थोडेपणाचा अर्थ त्यात असतो, म्हणून. 'आत्ता कुठे पोहोचलोय' याला तर नेमका जोडीदार आहे: "आय हॅव ओन्ली जस्ट रीच्ड." पण 'ओन्ली जस्ट'चा दुसरा अर्थ 'कशीबशी' असाही होतो. "आय ओन्ली जस्ट कॉट द पंचवटी" म्हणजे पळतपळत, दार धरून पंचवटी एक्स्प्रेस मिळवली.

'काउंटर दहाशिवाय उघडत नाही' याला "द काउंटर ओपन्स ओन्ली ॲट टेन" चालतं, पण "डझन्ट ओपन अंटिल टेन" जास्त सहज वाटतं. आपलं 'शिवाय… नाही' आणि त्यांचं 'नॉट… अंटिल' एकाच वळणाचं आहे, ते वापरा.

आणखी एक. मराठीत 'फक्त दहाच मिनिटं' असं 'फक्त' आणि 'च' दोन्ही एकत्र खुशाल येतात. त्यावरून "ओन्ली टेन मिनिट्स ओन्ली" करू नका. एक 'ओन्ली' पुरतो.

पायरी सहावी: शेवटी शोभतो तो कुठे

"लेडीज ओन्ली." "कॅश ओन्ली." "फॉर ऑफिस यूज ओन्ली." या पाट्या आणि फॉर्म आपण लहानपणापासून वाचतो. 'ओन्ली' शेवटी येतो ही समजूत पक्की व्हायला 'च'इतकाच हातभार या पाट्यांनी लावला असावा. तिथे तो बरोबरच आहे, कारण ती पूर्ण वाक्यं नाहीत, त्यांत क्रियापद नाही. पाटीचं वाक्य करायचं झालं की 'ओन्ली' पुन्हा पुढे जातो: "दिस कोच इज ओन्ली फॉर लेडीज."

चेकवरचा 'ओन्ली' तर सुरक्षेसाठी असतो. "रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली" लिहिलं की त्यापुढे कोणाला "फाइव्ह हंड्रेड" घुसडता येत नाही. मराठीत चेक लिहिताना आपण 'पाच हजार फक्त' किंवा 'पाच हजार मात्र' लिहितो, तो हाच बंदोबस्त. 'ओन्ली' लिहून झाल्यावर उरलेल्या जागेत आडवी रेघ मारायची सवयही ठेवा. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघांमध्ये "अकाउंट पेयी ओन्ली" लिहिलं, तर पैसे ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यातच जातात, रोख मिळत नाहीत.

पायरी सातवी: इंटरव्ह्यूत स्वतःला लहान करू नका

'ओन्ली' ज्याच्यापुढे बसतो त्याला कमी करतो. किमतीपुढे तो छान वाटतो: ओन्ली नाइन्टी नाइन रुपीज. स्वतःपुढे बसवला की आपणच आपली किंमत पाडतो. "आय ॲम ओन्ली अ डिप्लोमा होल्डर." "आय हॅव ओन्ली टू इयर्स एक्स्पीरियन्स." पुष्कळदा हे नम्रपणाने म्हटलं जातं, किंवा मनात 'दोनच वर्षं झाली' असं साधं वाक्य असतं. समोरच्याला ऐकू येतं की उमेदवाराला स्वतःलाच हे अपुरं वाटतंय. "आय हॅव अ डिप्लोमा इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग अँड टू इयर्स ऑन द शॉप फ्लोअर." बास. एवढं बोलून गप्प बसा.

नम्रपणा हवाच असेल तर 'ओन्ली' विनंतीत घाला, तिथे तो गोड लागतो. "आय ओन्ली वॉन्टेड टु आस्क अबाउट द शिफ्ट" म्हणजे 'शिफ्टबद्दल जरा विचारायचं होतं, बाकी काही नाही.'

पायरी आठवी: फसव्या जोड्या

"ओन्ली इफ" आणि "इफ ओन्ली" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं म्हणजे 'तरच': "आय विल जॉइन ओन्ली इफ दे गिव्ह ट्रान्सपोर्ट." दुसऱ्यात हळहळ आहे: "इफ ओन्ली आय हॅड लेफ्ट अर्ली!" लवकर निघालो असतो तर द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये सापडलो नसतो, असं.

"ॲन ओन्ली चाइल्ड" म्हणजे एकुलतं एक मूल. "ओन्ली अ चाइल्ड" म्हणजे 'लहान आहे हो अजून'. पहिल्यात 'ओन्ली' विशेषण आहे, दुसऱ्यात क्रियाविशेषण. एका 'अ'च्या जागेने सगळं फिरतं. शाळेत पालकांच्या भेटीला जाल तेव्हा उपयोगी पडेल.

"आय वुड बी ओन्ली टू हॅपी टु हेल्प" ऐकून 'फक्त दोन' किंवा 'जेमतेम आनंद' असं काही समजू नका. इथे 'ओन्ली' कमी करत नाही. मदत करायला अगदी मनापासून आवडेल, असा अर्थ.

"ओन्ली आफ्टर"ने वाक्य सुरू केलं, तर पुढे 'डिड', 'कॅन', 'विल' कर्त्याच्या आधी आणावे लागतात: "ओन्ली आफ्टर द इंजिनिअर साइन्ड डिड द ट्रक लीव्ह." मराठीत हे 'तेव्हा कुठे ट्रक सुटला'. नव्या माणसाने या भानगडीत पडू नये. "द ट्रक लेफ्ट ओन्ली आफ्टर द इंजिनिअर साइन्ड" म्हणा, काम भागतं.

सराव

खालची पाच वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग पुढे वाचा. मला गंगापूर रोडलाच घर हवंय. तुमचंच काम चाललंय. रामकुंड इथून पाचच मिनिटांवर आहे. मॅनेजर आल्यावरच सही होईल. मी तेच म्हणत होतो.

पहिल्यात बाकी भाग वगळायचे आहेत, म्हणून "आय वॉन्ट अ हाउस ओन्ली ऑन गंगापूर रोड." दुसऱ्यात 'ओन्ली' घातलात तर गिऱ्हाईक सुखावेल, पण ते खरं नसेल, वर्कशॉपमध्ये बाकीचीही कामं चालू असतात. "वी आर वर्किंग ऑन युवर जॉब राइट नाउ" म्हणा. तिसरं आकड्याचं, म्हणून सरळ: "रामकुंड इज ओन्ली फाइव्ह मिनिट्स फ्रॉम हिअर." चौथं "इट विल बी साइन्ड ओन्ली व्हेन द मॅनेजर इज बॅक." पाचव्यात 'फक्त ते म्हणत होतो' असं करून पाहा, बसत नाही. तिथे "दॅट्स एक्झॅक्टली व्हॉट आय वॉज सेइंग" लागतं, आणि मीटिंगमध्ये हे वाक्य बाकी चारांपेक्षा जास्त वेळा लागतं.